आमची वाटचाल: गाडी मिस्तरीची, जबाबदारी फर्मची

ठिबक बसवणे आणि सबमर्सिबल पंपांची दुरुस्ती हे आमच्या फर्मचे काम. सुरुवातीला भुसावळच्या आसपासचीच गावे होती, दुकानाच्या टेम्पोवर भागायचे. यावल, रावेर, चोपड्याच्या केळीपट्ट्यात काम पसरले तसे मिस्तरी स्वतःच्या मोटारसायकली घेऊन शेतात जाऊ लागले. गाडी त्यांची असली तरी कामावर असताना ते जखमी झाले, तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. म्हणून गाडीचे कागद पाहणे आमच्याकडे हजेरीइतकेच नेमाचे झाले.

कागद पाहताना फक्त शेवटची तारीख पाहून चालत नाही. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा) विमा पाच वर्षांचा असतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा. पॉलिसी ‘चालू’ दिसते आणि गाडी मोडली की हाती काही येत नाही. दोन्ही मुदती आम्ही वेगळ्या लिहितो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरसीवरचे, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचे नाव. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा फक्त त्या मालकालाच, तोही वैध लायसन असेल तरच. वडिलांच्या किंवा भावाच्या गाडीवर निघालेल्या मिस्तरीला त्यातून काहीच मिळत नाही, आणि आपल्याकडे घरात गाडी एक आणि चालवणारे तिघे, हे नेहमीचेच आहे. जुनी गाडी घेऊन नाव बदलले नसेल तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेमही अडतो. दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या मिस्तरींसाठी फर्मने गट अपघात विमा काढला आहे.

मालवाहतूक हा दुसरा मुद्दा. खासगी गाडीच्या पॉलिसीत नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून माल नेणे बसत नाही, भाड्याने चालवणेही नाही. म्हणून पाइपांचे बंडल, फिल्टर आणि मोटर टेम्पोतूनच जातात. मिस्तरीसोबत फक्त हत्यारांची पिशवी. पेट्रोलचे पैसे किलोमीटरप्रमाणे देतो, ‘गाडीभाडे’ असा शब्द हिशेबात येऊ देत नाही.

खरा आधार मात्र कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीचा. जिथे ईएसआय (सरकारी कामगार विमा योजना) लागू नाही, तिथे ती हवीच. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्या कायद्याचे सूत्र असे होते: मृत्यू झाल्यास मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक, म्हणजे कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा. जानेवारी 2020 पासून त्या हिशेबाला पगार जास्तीत जास्त 15,000 धरत. तीस वर्षांच्या मिस्तरीचा गुणक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. एवढी रक्कम छोट्या फर्मच्या गल्ल्यातून निघत नाही. हप्ता वाचवायला पगार कमी दाखवला तर क्लेमही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. कामाचे वर्णन ‘दुकान’ असे नको, ‘दुचाकीवरून फिरून शेतातली दुरुस्ती’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. उपचाराचा खर्चही मालकावरच असतो आणि पॉलिसीत तो बहुधा जादा हप्ता भरून घ्यावा लागतो. तो आम्ही सोडत नाही.

घरून कामावर येतानाचा अपघात यात धरायचा का, यावर पूर्वी वाद होत. एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला तर तोही कामावरचाच अपघात. तो संबंध दाखवायला कागद लागतो. म्हणून सकाळी कोण कोणत्या गावी, कोणत्या शेतकऱ्याकडे आणि कोणत्या गाडीने निघाला, याचा मेसेज दुकानाच्या फोनवरून जातो आणि तो पुसायचा नाही असा नियम आहे.

अपघात झालाच तर आधी 108. मग गाडी हलवण्याआधी फोटो, पोलिसांत खबर, पंचनाम्याची प्रत आणि त्याच दिवशी विमा कंपनीला दोन फोन: एक गाडीच्या पॉलिसीवर, दुसरा आमच्या पॉलिसीवर. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत गाडी गॅरेजात उघडू द्यायची नाही. देय झालेली भरपाई महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागते, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. आणि दंडाचा भार सहसा विमा कंपनी उचलत नाही, तो मालकालाच भरावा लागतो.