पाच सारखी वांगी

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पहाटे साडेचारला मी मामींच्या परसात बॅटरी धरून उभी होते. थंडी मी म्हणत होती. मामी वांग्याच्या झाडांमध्ये वाकल्या होत्या आणि प्रत्येक वांग्याला हातातली बांगडी लावून बघत होत्या.

बांगडीची युक्ती त्यांचीच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जिल्हा परिषदेच्या फळं, भाजीपाला आणि मसाला पिकांच्या स्पर्धेत त्यांची वांगी मांडायची असं आमच्या बचत गटानं ठरवलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की पाच वांगी लागतील आणि पाचही एकसारखी लागतील. वजनकाटा घरात नव्हता. मामींनी एक जुनी काचेची बांगडी काढली आणि म्हणाल्या, "हिच्यातून जेमतेम जाईल ते घ्यायचं. सैल गेलं तर बारकं, आडकलं तर थोर."

मी गावातली कृषी सखी. उमेद अभियानातून प्रशिक्षण घेतलेलं, बारावीपर्यंत शिकलेली. गटातल्या बायकांना परसबाग करायला शिकवणं, दशपर्णी आणि निंबोळी अर्क ही झाडपाल्याची कीडनाशकं बनवून दाखवणं, हे माझं काम. मामींना वाफे आखायला मी शिकवलं असं कागदावर आहे. खरं तर त्यांच्या परसात मी जायच्या आधीपासून वांगी होती. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी पाटानं वळवून त्यांनी चौतीस झाडं जगवली होती. कडेला वाल, कुंपणावर दोडका, उकिरड्याजवळ भोपळा. शेत एक गुंठाही नाही. हे परस, एवढीच त्यांची जमीन.

वांगी गावरान, काटेरी, जांभळ्यावर पांढरे पट्टे असलेली. बी सासूच्या हातचं. दरवर्षी एक वांगं झाडावर पिवळं होईस्तोवर ठेवायचं, मग बी धुऊन राखेत घोळून चिंधीत बांधायचं. अशा बियाण्याची गंमत अशी, की दोन झाडं हुबेहूब निघत नाहीत. वांग्याला स्वतःच्याच परागावर फळ धरतं, पण भुंगे आणि मधमाश्या इकडचं तिकडे बरंच करतात, आणि मामींच्या शेजारी दोन घरं सोडून कुणी संकरित वांगी लावली होती. त्यामुळं एका झाडाचं फळ गोल, दुसऱ्याचं थोडं लांबट, तिसऱ्याचे पट्टे हिरवट. चौतीस झाडांतून पाच सारखी शोधायची म्हणजे काय ते त्या पहाटे कळलं. पाऊण तास गेला. सात मिळाली. देठ दोन बोटं ठेवून कात्रीनं काढली, ओढून एकही तोडलं नाही.

वांगी काढताना मामी प्रत्येक झाडाचे शेंडे चाचपत होत्या. ही त्यांची चार महिन्यांची सवय. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. तो लगेच खुडून जाळला तर अळी तिथंच संपते. राहिला, तर पुढची पिढी फळात. औषध मारणारे पुष्कळ असतात, पण रोज सकाळी चुलीपुढं बसण्याआधी मान टाकलेले शेंडे खुडून चुलीत घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी फक्त निंबोळी अर्क दिला होता. निंबोळ्यांची पाचशे ग्रॅम भरड रात्रभर भिजत घालायची, सकाळी गाळून दहा लिटर पाणी करायचं, थोडा साबण टाकायचा, संध्याकाळी फवारायचं.

पुढची चूक माझी आहे.

मामींना वांगी दुरडीत ठेवायची होती, प्रत्येकाच्या मध्ये पळसाचं पान घालून. पळस गावाबाहेर, पानं आणायला अर्धा तास लागला असता. मला नोंदणीची वेळ दिसत होती. म्हटलं, "मामी, ओल्या फडक्यात गुंडाळू, पिशवीत घालू, काही होत नाही." त्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेली. तुला ठावं आसंल." पिशवी स्कुटीच्या हुकाला अडकवली. त्यांनी दुसऱ्या पिशवीत वाल आणि आठ-दहा साधी वांगी घेतली होती, यात्रेत पाल ठोकलेल्या नणंदेला द्यायला. ती त्यांनी मांडीवर घेतली.

माळेगावला पोचलो तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. ज्यांनी ती यात्रा पाहिली नाही त्यांना काय सांगावं! नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातलं एरवीचं साधं गाव, पण त्या दिवसांत तिथं घोडे, उंट, गाढवं, देवणी आणि लाल कंधारी जनावरं, वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, भांड्यांची दुकानं, घोंगड्या, सगळं एका माळावर उतरतं. स्कुटी लांब लावून आम्ही गर्दीतून चालत निघालो. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत एक घोळका समोरून आला आणि भंडाऱ्याची मूठ वर उडाली. आमच्या डोक्यावर, खांद्यावर, पिशवीवर सगळं पिवळं. मामींनी हात जोडले.

मंडपात टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता. आमच्या वाट्याला एक कागदी थाळी आली. मी फडकं सोडलं.

सातपैकी चार वांग्यांवर ओरखडे होते. एकाच्या देठाचे काटे दुसऱ्याच्या सालीला, खड्ड्यांतून येताना घासत आले होते. ताज्या वांग्याची साल इतकी नाजूक, की ओरखडा उठला की तिथं लगेच करडी, मग तपकिरी रेघ पडते. चकचकीत जांभळ्या सालीवर ती रेघ लांबूनही दिसते. पळसाची पानं यासाठीच हवी होती. गटाच्या बैठकीत मी काढणीनंतरच्या हाताळणीवर बोलले आहे, फळ फळाला लागू देऊ नका असं मीच सांगितलं आहे, आणि त्या दिवशी घड्याळाकडं बघून तेच विसरले. मला रडू आलं. मामींची माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "आता रडून वांगं नीट होतंय का? तीन हाईत ना. दोन बघू."

मग त्यांनी नणंदेची पिशवी जमिनीवर ओतली, बांगडी काढली आणि खाली बसून एकेक वांगं तपासायला लागल्या. भोवती माणसं थांबली. एकीनं विचारलं, "काय करलालीस माय?" मामी मान वर न करता म्हणाल्या, "जोड लावलालाव." दोन मिळाली. बांगडीतून जाणारी, पण एक थोडं लांबट, दुसऱ्याचे पट्टे हिरवट. थाळीत पाच मांडली, देठ सगळे एका बाजूला केले. पिशवीतून एका वांग्याच्या देठात भंडारा अडकला होता. मी कापड काढलं. मामींनी माझा हात धरला, मग स्वतःच सोडला, आणि पदराच्या टोकानं तो टिपून कपाळाला लावला.

परीक्षक दोघं होते. कृषी विद्यापीठात शिकलेली, शांत बोलणारी माणसं. मी आधी अशा स्पर्धा पाहिल्या होत्या, पण इतक्या जवळून नाही. आकारानं थोर असलेल्या वांग्यांपाशी लोक गर्दी करत होते, परीक्षक मात्र तिथून लवकर पुढं गेले. थोर वांगं बहुतेक जून असतं, आत बी कडक झालेलं. ते अंगठ्यानं हलकं दाबत होते. कोवळ्या वांग्यावर खळगा पडतो आणि भरून येतो. देठाची टोपी उचलून खाली बघत होते. अळी तिथूनच आत शिरते आणि मागचं भोक विष्ठेनं बुजवते, म्हणून वरून फळ निरोगी वाटतं.

शेवटी निवडक थाळ्यांतलं एकेक वांगं त्यांनी उभं कापलं. पलीकडच्या थाळीतली वांगी इतकी देखणी होती की पहिला नंबर त्यांचाच असं मी धरून चालले होते. कापल्यावर आत काळी भुयारं आणि गुलाबी अळी. मालक बिचारा गोरामोरा झाला. मग आमची थाळी. मामींनी माझं मनगट घट्ट धरलं. चाकू खाली गेला. आत पांढरंशुभ्र, बी कोवळं, कुठं डाग नाही.

"फवारणी कशाची?" परीक्षकांनी विचारलं.

मी निंबोळी अर्काचं सांगायला तोंड उघडलं, त्याआधी मामी बोलल्या, "रोज शेंडे जाळते, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग थाळीकडं बोट करून म्हणाले, "मावशी, माल निरोगी आहे. पण बघा, तीन एका वळणाची आणि दोन वेगळी. एकसारखेपणाचे गुण गेले."

तिसरा क्रमांक आला. पहिला एका शेतकऱ्याच्या संकरित वांग्यांना गेला, आणि तो योग्यच होता असं मी मनापासून म्हणते. बाजारात माल नेणाऱ्याला एकसारखेपणा लागतो, व्यापारी त्याचाच भाव देतो. तरी घरच्या बियाण्याच्या भाज्यांना वेगळा गट असावा असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या चिंधीत बांधून टिकवलेलं बी आणि पाकिटातलं बी यांना एकाच मापानं मोजलं, तर चिंधीतलं बी हळूहळू कुणी ठेवणार नाही. मी पुढच्या वेळी गटातून तसं लेखी मागणार आहे.

मामी प्रमाणपत्र हातात घेऊन आधी पहिल्या नंबरच्या थाळीपाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. वाकून वास घेतला. मग मला म्हणाल्या, "ही एका आईची लेकरं हाईत गं. माझी पाच घरची."

थाळी प्रदर्शनासाठी मंडपातच राहिली. ओरखडे पडलेली चार वांगी मामींनी उचलून परत पिशवीत घातली. नणंदेच्या पालावर वाल आणि उरलेली वांगी दिली, चहा झाला, घोड्यांच्या बाजारातून एक चक्कर मारली आणि अंधार पडायच्या आत निघालो. या वेळी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि मी स्कुटी बैलगाडीच्या चालीनं चालवली.

दुसऱ्या दिवशी येळवस. आमच्या भागात त्या अमावस्येला गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेजारी हाताला धरून नेतात. मामी आमच्या शेतात आल्या. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, ज्वारीत आंबील शिंपडली, भज्जी, उंडे आणि आंबील पानात आलं. मग मामींनी चार वांगी काढली आणि गवऱ्यांच्या विस्तवात खुपसली. साल काळी झाली, फुटली, वाफ आली. त्यांनी ती सोलून हिरवी मिरची, कांद्याची पात आणि कच्चं तेल घालून भरीत केलं आणि पहिला घास माझ्या पानात वाढला.

"बघ," त्या म्हणाल्या, "रेघा कुठं हाईत?"