ग्वाल्हेरची शाखा

दुपारी झोप येईना म्हणून इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘श्रीशिवछत्रपती’ काढलं. शिवचरित्र लिहायचं म्हणून माणसाने उभा जन्म कागद गोळा केले. आपल्या हाती आली ती प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. १९६३ साली ते गेले, पुढच्या वर्षी हे छापून निघालं. प्रस्तावनाच अशी तालेवार की दर वेळी चुटपुट लागते.

आणि शेजवलकर वाचले की मला आमचे नाना आठवतात. नाना म्हणजे वडिलांचे थोरले काका. त्यांनी कुळवृत्तांत करायला घेतला होता. मे महिन्यात आम्ही पोरं गेलो की ओसरीवर वंशावळ पसरलेली असायची. कागदाला कागद खळीने चिकटवलेले. तीन कोपऱ्यांवर अडकित्ता, तांब्या आणि पंचांग, चौथ्यावर मी. वारा सुटला तर मूळपुरुष उडायला नको! गावोगावच्या भाऊबंदांना जोडकार्डं जात. बडोदा, सागर, इंदूर, सगळीकडून उत्तरं आली. घोडं अडलं ग्वाल्हेरपाशी. शिंद्यांबरोबर तिकडे गेलेली एक शाखा होती म्हणे, तिचा पत्ताच लागेना. “ग्वाल्हेर आलं की छापायला टाकतो,” नाना म्हणायचे. तोवर इकडे सुना येत, बारशी होत आणि खाली आणखी एक कागद चिकटे. नाना गेल्यावर ती वळकटी आत्याच्या माळ्यावर गेली.

रियासतकार सरदेसाई असे अडून बसले नाहीत. बडोद्याची नोकरी सांभाळून ‘मराठी रियासत’ या इतिहासाचे भाग छापत गेले. नवे कागद मिळाले की पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, त्यांच्यापुढे मोकळं झालं तेव्हा साठी उलटली होती आणि रियासतीचे बरेचसे भाग केव्हाच लोकांच्या हातात होते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, तेही जसं हाती लागेल तसं. १८९८ चा पहिला खंड थेट १७५० ते १७६१ मधली पत्रं घेऊन आला, शिवकालाची वाट न बघता. चुका निघाल्या, कडाक्याची भांडणं झाली. पण भांडायला छापील पान तरी होतं!

मला तर वाटतं, तो राहिलेला एक कागद अभ्यासू माणसाला मनातून हवाच असतो. लिहायला बसलं की निवाडा द्यावा लागतो. शोधत राहिलं की कुणी काही विचारत नाही, वर मान मिळतो.

परवा ती वळकटी टाइप करायला देऊन आलो. ग्वाल्हेरकरांसाठी दोन पानं कोरी सोडायला सांगितली आहेत. सापडलेच कधी, तर त्यांचं त्यांनी भरावं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, “सोड की. पण घरात कोरं पान टिकत नाही हो, दुधाचा हिशेब मांडतील त्यावर.”

मांडोत बापडे.