दोन गाळे सोडून अंधार

ऐरोलीत इंजिनिअरिंग कॉलेजजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जुलैत सुरू झालेलं सेमिस्टर नोव्हेंबरात आटपायला आलं की ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून, घणसोलीहून येणारी पोरं वर्गात कमी आणि माझ्या काउंटरवर जास्त दिसतात. सबमिशन! टर्मवर्कचे २५ मार्क फायलीवर. आणि फाइल म्हणजे सर्टिफिकेट, इंडेक्स, एक्सपेरिमेंट आणि हाताने लिहिलेल्या असाइनमेंट. वर्गातल्या एखाद्याच मुलीची फाइल पूर्ण असते. निम्म्या वर्गासाठी तिची झेरॉक्स निघते, आणि तीच समोर ठेवून बाकीचे रात्रभर उतरवतात. लिहिणारा वाचत नाही, तपासणारा किती वाचतो देव जाणे. एकाच्या प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये भलत्याच मुलाचा रोल नंबर होता, तो मीच दाखवला.

मागच्या हिवाळी सत्रात, नेमकी सबमिशनच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी लाइट गेली. फायली चारपर्यंतच घेणार होते आणि पोरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

इन्व्हर्टर आहे, पण तो पंखा, ट्यूब आणि कॉम्प्युटरपुरता. झेरॉक्स मशीन टोनरची पूड कागदावर वितळवून चिकटवतं, त्यासाठी आतला रोलर २०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. तेवढा लोड इन्व्हर्टरला झेपत नाही. त्यात मशीन मध्येच बंद पडलं की कागद आत अडकतो. एका मुलीचा, सरांच्या सगळ्या सह्या झालेला इंडेक्स फीडरमध्ये अर्धा गेलेला. ती रडायच्या बेतात. झाकण उघडून, मूठ हळूहळू फिरवत तो सुरकुती न पडता बाहेर काढला. आत अडकलेली प्रत मात्र नुसती पूड होती; बोट लागलं आणि अक्षरं गेली.

"काका, पूर्ण लाइट गेलेली नाहीये," बाहेरून एक जण म्हणाला. इलेक्ट्रिकलचा, थर्ड इयरचा. स्वतःची फाइल अर्धवट, पण पठ्ठ्या रस्त्यापलीकडे उभा राहून आमची ओळ न्याहाळत होता. माझा गाळा बंद, पुढचे दोन चालू, मग मेडिकलवाला बंद, पुन्हा दोन चालू. "एक फेज गेलाय. बिल्डिंगला तीन फेज येतात, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या वायरी, त्या गाळ्यांना वाटून दिल्यात. तुमच्या शेजारी आहे की लाइट!"

खरंच होती. तीन फेजच्या आकृतीच्या मी आजवर किती प्रती काढल्या असतील, पण कधी मान वर करून ओळीकडे पाहिलं नव्हतं.

शेजारी पोळीभाजी केंद्र. तिथे कणीक मळायच्या मशीनसाठी १५ अँपिअरचा पॉइंट. वहिनी लाटणं न थांबवता म्हणाल्या, "आणि माझीपण लाइट गेली तर? संध्याकाळची ऑर्डर कोण देणार, तुमचे इंजिनिअर?" मग तीन-चार मुली आत शिरल्या, "मावशी, प्लीज" सुरू झालं. त्यांचे चेहरे बघून वहिनी विरघळल्या. ठरलं असं की आधी त्यांची कणीक मळून होणार, मग त्यांचं मशीन बंद आणि आमचं चालू.

मी घरातलं एक्स्टेंशन काढलं, ते त्या पोराने हातातून घेतलं. "ही वायर वितळेल, काका." मंडपवाल्याकडून जाड केबल आणायला दोघं पळाले. तोवर मी इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावून सगळ्यांच्या फायली व्हॉट्सॲपवर घेतल्या आणि क्रमाने लावून ठेवल्या. मशीन तापलं तेव्हा सव्वादोन वाजले होते. मग नुसता धडाका. नाव पुकारायचं, गठ्ठा हातात द्यायचा, पैसे नंतर. (नंतर बहुतेकांनी दिलेही.) त्या मुलाचा नंबर शेवटी लागला. स्पायरलला वेळच नव्हता. टॅगने पानं बांधून तो धावत सुटला.

रात्री वहिनींना लाइटचे पैसे विचारले. "पैसे ठेवा तुमच्याकडेच. मेनूकार्ड लॅमिनेट करून द्या. आणि एक 'उधारी बंद'ची पाटी."

परीक्षा सुरू झाल्यावर तोच मुलगा पुन्हा आला. सेकंड इयरच्या मॅथ्सची केटी, म्हणजे मागे नापास झालेला विषय, राहिलेली. लाप्लासच्या सूत्रांची पानं पुढे सरकवून हळूच म्हणाला, "काका, मायक्रो." मायक्रो म्हणजे ५० टक्क्यांवर आणलेली प्रत: एका पानात चार पानं बसतात, आणखी लहान केली की तळहातात मावतात. परीक्षेच्या दिवसांत आमच्या धंद्यात त्याला चांगला भाव असतो. मी काढत नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ सालापासून कायदा आहे, ते खरंच. पण मला कायद्यापेक्षा पोराचं वर्ष जाईल याची भीती जास्त वाटते.

"रस्त्यावर उभा राहून फेज ओळखलास, आणि लाप्लास जमत नाही?"

"फेज दिसतो, काका. लाप्लास कुठे दिसतो?"

यावर मला काही बोलता आलं नाही. पण मायक्रोला नाही म्हटलं ते म्हटलंच. तो जरा घुटमळला.

"बरं, मग फुल साइजच काढा. दोन्ही बाजूंनी काढा, स्वस्त पडतं."