एवढीशी बाटली, एवढे पैसे?

नायगारा धबधबा बघायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही जवळच्या, कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेक गावात नेतोच. तिथल्या वायनरीत आइसवाइनची सडपातळ बाटली हातात घेऊन, किंमत वाचून, जो तो मला हेच विचारतो: "375 मिली, आणि 50 डॉलरच्या वर? यात साखरच घालत असतील ना?"

साखर घालत नाहीत. घालायला परवानगीच नाही. जी गोडी असते ती द्राक्षाची, आणि ती गाठायला थंडीची मदत घेतात. शाळेबाहेर मिळणारा पेप्सीकोला आठवा. जोरात ओढला की रंग आणि गोडी तोंडात येते, पिशवीत पांढरा बेचव बर्फ उरतो. इथे तेच द्राक्षाच्या मण्यात होतं. आधी गोठतं ते पाणी. साखर, आम्ल आणि स्वाद उरलेल्या घट्ट रसात राहतात. मणी तसाच गोठलेला दाबला की बर्फ आत अडकतो आणि तेवढा रस बाहेर येतो.

हे सगळं वेलीवरच व्हावं लागतं. ऑन्टारियो या आमच्या प्रांताच्या नियमानुसार पारा उणे 8 किंवा त्याखाली उतरल्याशिवाय घड तोडता येत नाहीत, आणि रसातली साखर ज्यात मोजतात ती ब्रिक्स सरासरी निदान 35 भरावी लागते. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना हा आकडा वाचून हसू येईल. तिकडे सोळा-अठरा ब्रिक्स आली की माल निघतो. द्राक्षं फ्रीजरमध्ये गोठवून अशी वाइन करणारेही जगात आहेत. इथे तिला आइसवाइन म्हणू देत नाहीत.

म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात बाकीची बाग रिकामी होते आणि हे घड मात्र जाळ्यांखाली डिसेंबर-जानेवारीपर्यंत लटकत राहतात. मणी सुकतात, गळतात, कुजतात. पक्षी तर टपलेलेच असतात. इथल्या इनिस्किलिन वायनरीच्या कार्ल कायझर यांनी 1983 साली पहिल्यांदा प्रयत्न केला, तेव्हा सगळं पीक पक्ष्यांनीच खाल्लं. पुढच्या वर्षी जाळ्या लावल्या तेव्हा कुठे वाइन झाली. त्याच वायनरीच्या 1989 च्या विडाल आइसवाइनला 1991 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या व्हिनएक्स्पो या वाइन प्रदर्शनात मोठा सन्मान मिळाला आणि कॅनडाच्या वाइनकडे जग जरा आदराने बघू लागलं. विडाल हे काही नामांकित द्राक्ष नव्हे. पण साल जाड, थंडीला चिवट. इतके महिने टिकतं ते त्यामुळेच. रिसलिंग द्राक्षाची आइसवाइन मला जास्त आवडते, ती गोष्ट वेगळी.

तोडणी बहुधा रात्री किंवा पहाटे, कारण ऊन वर आलं की मण्यातला बर्फ वितळू लागतो. रस काढायच्या प्रेसमध्ये पडताना द्राक्षांचा आवाज गोट्यांसारखा येतो. दाब वाढवत जावा लागतो, बराच वेळ काहीच होत नाही, मग सोनेरी रसाची बारीक धार सुरू होते, पाकासारखी जड. साध्या वाइनला त्याच द्राक्षांतून जेवढा रस निघाला असता, त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर इथे मिळतो. पारा फारच उतरला तर रस आणखी गोड, पण आणखी कमी. एवढ्या साखरेत यीस्टचाही जीव मेटाकुटीला येतो. आंबवण्याला आठवडे, कधी महिने लागतात आणि बरीच साखर तशीच शिल्लक राहते, लिटरला 200 ग्रॅमच्या आसपास.

मग ती नुसती पाक का लागत नाही? कारण साखरेबरोबर आंबटपणाही तितकाच घट्ट झालेला असतो. आधी जर्दाळू, मध, आंब्याच्या जवळ जाणारं काहीतरी, आणि लगेच जीभ स्वच्छ करणारी लिंबासारखी धार. माझ्या मते किंमत वसूल होते ती या धारेत. जिच्यात ती नाही, ती आइसवाइन महाग सरबत आहे.

शिवाय थंडी पडेलच याची हमी कोण देणार? ही वाइन मुळात जर्मनीची. तिथे उणे 7 ची अट आहे. 2019 च्या हंगामात तिथल्या तेरापैकी एकाही वाइन प्रदेशात पुरेशी थंडी पडली नाही आणि आइसवाइन निघालीच नाही. नाशिककडे पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. इथला बागायतदार हवामानाचा अंदाज बघत कडाक्याच्या थंडीची वाट बघतो. जी थंडी पडली नाही आणि जे घड पक्ष्यांनी नेले, त्यांचा खर्चही त्या 375 मिलीवर चढतो.

घ्यायचीच असेल तर लेबलवर 'व्हीक्यूए' ही इथल्या वाइनच्या दर्जाची खूण बघा. थंड करून प्या, पण बर्फगार नको. छोट्या पेल्यात दोन घोट पुरे. दुकानदार चॉकलेट पुढे करतील, त्यांचं ऐकू नका. गोडावर गोड कशाला? खारट निळं चीज घ्या, किंवा खारे काजू. आमच्याकडे तिखट चिवडाही चालतो.