फुटका भोपळा वजनाला का आणला?

मी अमेरिकेत न्यू इंग्लंडमध्ये एका माती परीक्षण लॅबमध्ये काम करते. वसंतात नमुन्यांचा ढीग पडतो, लॉन, टोमॅटो, सफरचंदाच्या बागा, आणि त्यात काही पिशव्या अशा असतात की आकडे बघूनच कळतं, हा राक्षसी भोपळेवाला, म्हणजे वजनाच्या स्पर्धेसाठी अवाढव्य भोपळा वाढवणारा. सेंद्रिय कर्ब भरमसाट, फॉस्फरस आलेखाच्या बाहेर, पोटॅश एवढं की कॅल्शियम मॅग्नेशियमला मुळांमध्ये शिरायला जागाच उरत नाही.

आमच्याकडे या लोकांना हसतात आणि ते मला अजिबात आवडत नाही, कारण एवढा बारकाईने रिपोर्ट वाचणारा दुसरा ग्राहक नाही. इतर लोक खताचा डोस बघतात आणि कागद गाडीत टाकून देतात, हे लोक भर उन्हाळ्यात पानंही तपासायला पाठवतात आणि बोरॉन जरासा घसरला की फोन करतात. वर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोपळा म्हणजे एकराच्या हिशोबातलं बाजाराचं पीक, एका वेलाला हजार चौरस फूट जागा देणाऱ्या माणसासाठी त्यात काहीच नाही, म्हणून यांच्या शिफारशी मी हातानेच लिहिते.

त्यातलेच एक आजोबा, रिटायर्ड प्लंबर. सगळे लावतात तीच जात, अटलांटिक जायंट, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी तयार केलेली. पहाटे नर फूल तोडून मादी फुलावर स्वतः घासायचं, मग मधमाशी शिरू नये म्हणून फूल बांधून ठेवायचं, वेलाचा प्रत्येक सांधा मातीत पुरायचा म्हणजे तिथूनही मुळं फुटतात, आणि शेवटी एकच फळ ठेवून बाकी सगळी खुडायची. ऐन भरात ते फळ दिवसाला वीस किलोपर्यंत वाढतं, अशा वेळी जोराचा पाऊस झाला की फळ फुटेल या भीतीने यांना झोप नाही. पोटॅश वाढवणारं कोंबडीखत थांबवा, कॅल्शियमसाठी जिप्सम घाला असं मी त्यांना वारंवार लिहून देत होते, जिप्सम घालायचे, कोंबडीखत काही सुटायचं नाही.

वजनाच्या स्पर्धेत आमच्या लॅबचं टेबल असतं, त्या वर्षी मीच होते. भोपळा पट्ट्यांत अडकवून फोर्कलिफ्टने उचलतात आणि काट्यावर ठेवायच्या आधी परीक्षक टॉर्च घेऊन खालून तपासतात. आजोबांच्या फळाला खालच्या बाजूला भेग निघाली, थेट आतल्या पोकळीपर्यंत गेलेली. नियम साधा आहे, पोकळीपर्यंत भोक गेलं की स्पर्धेतून बाद. वजन मात्र केलं, सतराशे पौंडांच्या वर, म्हणजे पावणेआठशे किलो. बक्षीस शून्य.

मी काय बोलावं या विचारात होते तर तेच म्हणाले, मला काल रात्री ट्रेलरवर चढवतानाच दिसलं होतं, हाताला ओल लागली.

मग आणला कशाला? भाड्याचा ट्रेलर, मदतीला चार माणसं, तीन तासांचा रस्ता. ते म्हणाले, वजन नको का करायला? यांच्यात बियांना नाव पडतं ते फळाचं वजन, उगवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष असं मिळून. फुटकं असेल तर पुढे तशी खूण लावतात, पण अधिकृत काट्यावरचं वजन आणि आईबाप वेल कोणते हे नोंदलेलं असलं की त्या बियांना वंशावळीत जागा मिळते. परसात मोजपट्टीने काढलेल्या अंदाजाला तेवढी किंमत नाही.

पैशाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत पहिल्याला पौंडाला नऊ डॉलर मिळतात, २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी २,७४९ पौंडांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्या विक्रमाचे म्हणून तीस हजार डॉलर मिळाले. पण ते एकालाच. बाकीच्यांचा खत, पाणी, शेडनेट, डिझेलचाही खर्च निघत नाही, आणि खायला म्हणाल तर हे फळ पाणचट, रेषाळ. चांगल्या बियांना लिलावात शेकडो डॉलर येतात तरी आजोबांनी तिथेच उभ्या उभ्या तीन जणांना बिया फुकट द्यायचं कबूल केलं, त्यातला एक तर त्यांच्यावर दरवर्षी मात करणारा.

माझे वडील सांगलीकडे ऊस लावतात. आमच्या घरी प्रत्येक टनाला भाव चिकटलेला, त्यामुळे या लोकांकडे मी सुरुवातीला हौशी श्रीमंत म्हणूनच बघायचे. आता मला तसं वाटत नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत रॉन वॉलेस यांचा २,००९ पौंडांचा भोपळा निघाला, दोन हजाराच्या वर गेलेला जगातला पहिला, आणि त्याच्या बिया दुसऱ्यांच्या वाफ्यांत जाऊन पुढे वाढल्या. विक्रम एकाच्या नावावर लागतो, पण त्या बीमागे कितीतरी जणांची परसं असतात, त्यातल्या बहुतेकांना कधीच काही मिळालेलं नसतं. आजोबांना त्या रांगेत आपला आकडा हवा होता, आणि भेग पडली म्हणून तो सोडायला ते तयार नव्हते, एवढंच मला समजलंय. भेग माझ्या रिपोर्टमधल्या पोटॅशमुळे पडली की ऑगस्टच्या पावसाने, हे मात्र सुटत नाही आणि मी अजूनही त्यांचे जुने रिपोर्ट काढून बघत असते.

थंडी पडायच्या आत त्यांचा नवीन नमुना आला. पोटॅश तसंच वर. मी पहिल्याच ओळीत कोंबडीखत पूर्ण बंद असं लिहिलं, तर फोन आला, या वेळी ऐकतो, कारण त्याच जागी त्याच फुटक्याच्या बिया लावायच्यात.