दाण्याचा कूट आधी तोंडात जाऊ द्या

जळगाव-धुळ्याकडच्या स्वयंपाकघरात दाण्याचा कूट कुठे नसतो? ठेच्यात, चटणीत, आमटीत. मिक्सरचं झाकण उघडलं की भुकटी ओट्यावर, हातांवर आणि त्याच हातांनी उचललेल्या बाळाच्या गालावर. गाल धड असला तर फारसं बिघडत नाही. पण इसबाने भेगाळलेल्या कातडीतून दाण्यातलं प्रथिन आत शिरलं, तर शरीर त्याला वैरी समजू लागतं. तेच आधी तोंडावाटे आतड्यात गेलं, तर बहुतेकदा खपवून घेतं.

हा समंजसपणा यायला पोटातले जिवाणू लागतात. अंगावरच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्यांवर बायफिडोबॅक्टेरिया पोसतात. पुढे डाळ, भाजी, केळ्यातला चोथा आंबून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनतं आणि प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या पेशींना बळ मिळतं. अँटिबायोटिकने ही वस्ती विस्कटते. साध्या सर्दीला घरात उरलेली बाटली पाजू नका, विषाणूवर ती चालतच नाही.

गोठ्याची धूळही कामाची. 2016 मध्ये अमेरिकेत पाहिलं गेलं: अमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज; गुराढोरांत वाढणाऱ्या अमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के, यंत्रांवर शेती करणाऱ्या हटराइट मुलांत 21. म्हणून काही कच्चं दूध पाजायचं नाही हं, त्यातून ब्रुसेला जिवाणूचा ताप आणि क्षय येऊ शकतो.

आता मात्रा. 2015 च्या ब्रिटनमधल्या लीप चाचणीत, जास्त धोका असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना लवकर दाणे दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी दाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. आठवड्याला 6 ग्रॅम प्रथिन, म्हणजे अंदाजे 24 ग्रॅम दाणे, तीन वेळांत.

सहा महिन्यांनी वरचं खाणं रुळलं की दाणे भाजून, सालं काढून, तेल सुटेपर्यंत वाटा, मीठ-मिरची नको. काळपट, बुरशी आलेले दाणे आधीच फेका, भाजून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पुरतं जात नाही. दोन चहाचे चमचे वाटण कोमट पाण्यात सरसरीत करून कुस्करलेल्या केळ्यात मिसळा. घट्ट वाटण घशात बसतं. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत अडकतो.

पहिल्यांदा बोटाच्या टोकाएवढं, दिवसाउजेडी, बाळ ठणठणीत असताना. दहा मिनिटं थांबून उरलेलं हळूहळू, मग दोन तास लक्ष. गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या किंवा घरघर सुरू झाली तर लगेच दवाखाना. इसब जोरात असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून.

घोळ बहुतेकदा पुढे होतो: उष्टावणाला एकदा चाटवतात आणि नंतर वर्षभर देत नाहीत. मधल्या काळात भुकटी मात्र कातडीला लागतच राहते.