राहू दे

मोंसोरो, फ्रान्स, रात्रीचे साडेनऊ

अजून लख्ख उजेड आहे. जुलैत इथे दहापर्यंत अंधार पडत नाही, त्यामुळे दिवस संपलाय हे मनाला पटत नाही आणि संध्याकाळची गोष्ट घोळवत बसायला वेळच वेळ मिळतो.

झालं एवढंच. विलांद्रीहून सायकलवर ५२ किलोमीटर वारा तोंडावर घेत आले. ल्वार नदीच्या काठाने समुद्राकडे निघालं की पश्चिमेला जायचं, आणि वाराही बहुतेक पश्चिमेचाच. नदीच्या सोबतीने चाललेली असूनही दिवसभर चढावर असल्यासारखे पेडल मारले. इथे पोचून तंबूच्या खुंट्या ठोकत होते, तेवढ्यात शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या आजी घडीची खुर्ची घेऊन आल्या. सायकलीजवळ उघडून ठेवली, काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "मेर्सी," म्हणजे धन्यवाद. त्यांनी मान हलवली, खुर्ची मिटली आणि घेऊन गेल्या.

मी नको म्हटलंच नव्हतं.

आठ दिवस जमिनीवर बसून जेवतेय. तंबू, स्टोव्ह, पंक्चरचं सामान, सगळं पिशव्यांत बसवलं. खुर्ची कुठे बसवणार? पाठ कुठे टेकलीच तर झाडाला. आणि आज समोर आलेली खुर्ची परत जाताना बघून डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीसाठी कोणी रडतं का? पण आलं खरं. आठ दिवसांत कुणी आपणहून माझ्यासाठी काही आणलं नव्हतं, आणि आणलं तेही माझ्याच शब्दाने परत गेलं.

फ्रेंचच्या वर्गात बाईंनी सांगितलं होतं ते फार उशिरा आठवलं. कुणी काही देऊ केलं आणि नुसतं 'मेर्सी' म्हटलं, तर इथे त्याचा अर्थ बहुधा 'नको' असाच घेतात. हवं असेल तर तसं म्हणावं लागतं.

म्हणजे चूक भाषेची. तेवढ्यावर सोडून द्यायला हवं होतं. पण सुटेना, म्हणून चालत शेजारच्या कांद-सँ-मार्तँच्या टेकाडावर गेले. वरून व्हिएन आणि ल्वार या नद्या मिळतात ते दिसतं. पाणी दिसायला शांत. पण या वाळूचा भरवसा नाही, तळ सरकतो, म्हणून ल्वारमध्ये पोहायला उतरू नका म्हणतात. वाळूच्या बेटांवर सुरय पक्षी घिरट्या घालत होते. आई इथे असती तर म्हणाली असती... असो.

खाली पांढऱ्या दगडाचं मोठं चर्च आहे. संत मार्टिन या गावात वारले, ३९७ साली. तूरच्या लोकांनी रात्री त्यांचा देह खिडकीतून काढून नावेतून आपल्या गावी नेला, अशी कथा आहे. पण मला त्यांची दुसरी गोष्ट छळत होती. सैन्यात असताना आमियाँच्या वेशीवर थंडीने कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा मार्टिननी तलवारीने आपला झगा अर्धा कापून त्याला दिला. सगळे देणाऱ्याबद्दल बोलतात. मी आज त्या भिकाऱ्याचा विचार करत होते. त्याने घेतला. 'राहू दे' म्हणाला नाही.

पालखीच्या दिवशी आई दारात लाडू घेऊन उभी राहते. नको म्हणणारा वारकरी मी पाहिलेला नाही. हात पुढे येतो, "माउली" म्हणतात आणि चालू लागतात.

आणि मी? दादाने विचारलं, नाँतला येऊ का तुला न्यायला? म्हटलं, राहू दे. निघताना आईने चिवडा बांधला, म्हटलं, राहू दे. आमच्या घरात हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. 'तिथेच राहू दे' म्हणजे हवंय, आणि 'राहू दे गं' म्हणजे नको. आई सूर ओळखते. खुर्चीवाल्या आजी कशा ओळखतील? आणि खुंटी सोडून मी हातही पुढे केला नव्हता. त्या वेळी माझा सूर कुठला होता, हे माझं मलाच सांगता येत नाहीये.

दादाचं काय करायचं ते... उद्या बघू.

परत आले तेव्हा त्या कॅराव्हॅनमधले आजोबा नळावर पातेलं घासत होते. त्यांच्या खुर्चीकडे बोट केलं आणि वाक्य मनात दोनदा जुळवून म्हटलं, "वुई, ज व्हू बियाँ," म्हणजे हो, हवीय. त्यांना आधी कळेना. मग आजींना हाक मारली. त्या खुर्ची घेऊन आल्या, वर अर्धं खरबूजही. मी दोन्ही हातांनी घेतलं.

खुर्चीचं कापड मधोमध खोलगट झालंय, वर्षानुवर्षं कुणी बसून. पाठ टेकून लिहितेय. खरबुजाच्या रसाने पान चिकट झालंय. आजी आत जाताना खुणेने म्हणाल्या, सकाळी दे.